सचिव झालेल्या मित्रास, शाळा उघडण्यापूर्वी

सातारा
दि. ८ जून २०२५

प्रिय वसंत,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतची यादी मिळाली. निवृत्तीनंतर गावच्या संस्थेचे सचिवपद तू अंगावर घेतलेस याचा आनंद आहे. वहिनींचे मत काय आहे ते मात्र तू सोयीस्करपणे लिहिलेले नाहीस. १६ तारखेला शाळा उघडण्याआधी विद्यार्थी सुरक्षेच्या नव्या शासन निर्णयाची पूर्तता व्हावी, म्हणून तू सीसीटीव्ही, तक्रारपेटी, विद्यार्थी सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समितीचा फलक आणि कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी अशी कामे लिहून काढली आहेस. यादी बरोबर आहे. पण तिच्यातील प्रत्येक बाब एकतर भिंतीवर लागणारी आहे किंवा फाईलमध्ये जाणारी, आणि मला लिहायचे आहे ते एखादे मूल आपल्यावरील लैंगिक अत्याचाराविषयी बाईंजवळ अथवा मावशींजवळ काही बोलले, तर पुढच्या तासाभरात तुमच्या शाळेत काय घडेल याविषयी.

हे निर्णय कशातून आले ते तुला ठाऊक आहेच. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत बालवर्गातील दोन मुलींवर तिथल्याच सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याची तक्रार झाली, ती नोंदवून घेण्यासाठी पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावे लागले, आणि २० ऑगस्टला लोकांनी रेल्वे रोखून धरली. दुसऱ्याच दिवशी शासन निर्णय निघाला. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव व शालिनी फणसळकर-जोशी यांच्या नेतृत्वाखाली समिती नेमली गेली. यंदाच्या मे महिन्यातील सविस्तर निर्णय त्यानंतरचा. मात्र तुझ्या पदावरील माणसाने त्या प्रकरणातील एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. गुन्हा केवळ आरोपीवर नोंदला गेला नाही. माहिती असूनही पोलिसांना कळवले नाही म्हणून त्या संस्थेच्या अध्यक्ष-सचिवांवरही नोंदला गेला.

बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे. त्याच्या कलम १९ प्रमाणे, असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळले किंवा घडू शकेल असे ज्याला वाटते, त्या प्रत्येकाने विशेष बाल पोलीस पथकाला अथवा स्थानिक पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आणि आपल्या हाताखालच्या माणसाविषयी संस्थेचा प्रमुखच गप्प राहिला, तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. उलट, सद्‌हेतूने माहिती देणाऱ्यावर कोणतीही कारवाई होऊ शकत नाही, हेही त्याच कलम १९ मध्ये आहे आणि शिक्षकांना नेमके तेवढेच कोणी सांगत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुऱ्याच्या वसतिगृहातील मुलींवरील अत्याचाराच्या प्रकरणात माहिती न देणाऱ्या डॉक्टरवरील गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा उभा केला. तेव्हा हे कलम नुसते पुस्तकातले आहे, अशी समजूत तुमच्यापैकी कोणी करून घेऊ नये.

आता आपल्या संस्थांची रीत पाहा. गेल्या वर्षापासून मी या विषयावर शाळाशाळांतून बोलायला जातो. एका शाळेत मी शिक्षकांना बाजूला ठेवून शिपाई, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई आणि बालवर्गाच्या मदतनीस यांनाच समोर बसवले आणि विचारले, ‘एखाद्या मुलीने तुम्हाला काही सांगितले, तर तुम्ही काय कराल?’ बराच वेळ कोणी बोलेना. मग एक वयस्क मावशी पदर सावरत म्हणाल्या, ‘हेडसरांना सांगू. सर संस्थेत सांगतील. मग मिटिंग होईल.’ मी विचारले, ‘आणि मिटिंगमध्ये?’ त्या म्हणाल्या, ‘ते आम्हाला कसं कळणार? आम्ही चहा देऊन बाहेर येतो.’ सगळे हसले, पण शाळेतील कारभाराचे याहून नेमके वर्णन मी ऐकलेले नाही.

ती मिटिंग हाच खरा धोका आहे, वसंत. तिथे वाईट माणसे बसलेली असतात असे नाही. पंचवीस वर्षे ओळखीचा शिक्षक, शाळाप्रवेशांवर होणारा परिणाम, गावातील दोन गट, संस्थेची अब्रू, आणि ‘मुलीच्याच भवितव्याचा प्रश्न आहे’ हे सर्वांत भारदस्त वाटणारे कारण, या साऱ्यांचा विचार करता करता संध्याकाळ होते. तोवर मुलाला तीन जणांसमोर तेच तेच सांगायला लावलेले असते आणि ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याच्या कानावर सगळे गेलेले असते. शहानिशा करणे हे संस्थेचे काम नव्हे. ते पोलिसांचे आणि न्यायालयाचे. शासन निर्णयात शिक्षणाधिकाऱ्यांना चोवीस तासांत कळवण्याचा उल्लेख आहे, म्हणून आपल्याला चोवीस तासांची सवड आहे असा अर्थ कोणी काढील; तो काढू देऊ नकोस.

शिक्षकांना काय शिकवायचे ते फार अवघड नाही, परंतु सवयीच्या विरुद्ध आहे. मूल बोलू लागले की ऐकावे. ‘खरं बोलतेस ना?’, ‘मग ओरडली का नाहीस?’ हे प्रश्न ओठांवर येतात, ते गिळावेत. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येत नाही. मुलाचे शब्द जसेच्या तसे, त्याच्याच बोलीत, तारीख-वेळ घालून लिहावेत. त्यांना शुद्ध मराठीत बसवू नये. पुढचा जबाब पोलीस घेतील, आणि तोही मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने व गणवेश न घालता घ्यावा, असे कायदाच सांगतो. मुलाचे नाव शिक्षककक्षातही फिरू नये. आणि हे सारे मुलग्यांनाही लागू आहे. पॉक्सोमध्ये मूल म्हणजे अठरा वर्षांखालील कोणीही, हे सांगितल्यावर अनेक गुरुजींचे चेहरे बघण्यासारखे होतात.

कॅमेऱ्यांविषयी थोडेच लिहितो. बसवा, आणि मुख्याध्यापकांनी चित्रण नियमाने पाहावे. पण त्याआधी एकदा मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यानंतर स्वतः शाळेत फिर. स्वच्छतागृहाकडे जाणारा बोळ, जुन्या बाकांची खोली, कडी तुटलेले दार, हे तुला दहा मिनिटांत दिसेल. पोलीस पडताळणी २०२० च्या पॉक्सो नियमांनुसार कायम व कंत्राटी दोन्ही कर्मचाऱ्यांची करायची असते, तीही ठरावीक काळाने. व्हॅनचालक, खेळाचे बाहेरचे प्रशिक्षक आणि स्नेहसंमेलनाचा नाच बसवणारे यांना यादीत घालायला विसरू नका. मात्र पडताळणीत आधी नोंद झालेला गुन्हाच कळतो. ज्याच्याविषयीची तक्रार मागच्या संस्थेने मिटिंगमध्ये मिटवली, त्याचा कागद कोराच येणार.

तेव्हा माझी सूचना अशी आहे. कार्यकारिणीच्या बैठकीत एकच ठराव मांड: पोलिसांना, ११२ ला किंवा बालकांसाठीच्या १०९८ या मदत क्रमांकाला कळवण्यासाठी कोणत्याही कर्मचाऱ्याला मुख्याध्यापकांची अथवा संस्थेची परवानगी लागणार नाही, आणि कळवल्याबद्दल कोणाचीही बदली, नोटीस किंवा वेतनकपात होणार नाही. विरोध होईल. ‘उद्या कोणीही कोणाचेही नाव घेईल’ असे अध्यक्ष म्हणतील, तेव्हा त्यांना कलम २१ वाचून दाखव. एक वर्षाची कैद ऐकली की चर्चा आटोपते. नंतर तो ठराव शाळेच्या पहिल्या दिवशी तू स्वतः वाच, शिक्षकांच्या सभेत नव्हे तर सर्वांसमोर, आणि मावशी-शिपाई मंडळींना त्या दिवशी चहा करायला न पाठवता पुढच्या खुर्च्यांवर बसव.

ठरावाचा मसुदा १२ तारखेच्या आत पाठवलास तर मी पाहून देईन. प्रशिक्षणासाठी जूनचा शेवटचा शनिवार मला जमेल. व्हॅनचालकांना बोलावणार असशील तर वेळ दुपारची ठेव, सकाळी ते फेऱ्यांवर असतात. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विश्वास