विमानाचे अंतर छापता, तसे प्रवासाचे पूर्ण तासही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशी मुलांकडे निघालेल्या आई-वडिलांसाठी आपण पुरवणीत मुंबईपासूनची विमानअंतरे दिलीत. लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर, न्यूयॉर्क साडेबारा हजार. आकडे बरोबर आहेत. पण त्यांना विमानाच्या वेगाने भागून जे तास काढले आहेत, त्यावर विसंबून कुणी निघाले तर हाल होतील.

हे पृथ्वीच्या गोलावरचे सर्वांत जवळचे अंतर. विमान त्याच वाटेने जाईल असे नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली आणि दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना वळसा पडू लागला. शिवाय वारा. इतक्या उंचीवर तो पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहतो, म्हणून लंडनला जाताना जितका वेळ लागतो त्याहून येताना साधारण तासभर कमी लागतो. २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झाले, तरी वारा पाठीशी असल्याने विमान साडेचौदा तासांत पोहोचले! नुसत्या किलोमीटरवरून हे कसे कळणार?

खरा घोळ तिकिटावर होतो. आमच्या विश्रामबागेतल्या कट्ट्यावर एका काकूंचे तिकीट सगळ्यांनी पाहिले. मुंबई रात्री दीड, न्यूयॉर्क त्याच तारखेला सकाळी सात. साडेपाच तासांचा प्रवास, असेच बहुतेकांना वाटले. वेळा त्या-त्या गावच्या असतात आणि हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असते, म्हणजे विमानातच सोळा तास. काकूंना इन्सुलिन लागते आणि औषधांची पिशवी त्यांनी मोठ्या बॅगेत भरली होती. ती बॅग सामानात गेल्यावर थेट न्यूयॉर्कलाच हाती आली असती.

त्यात आपण सांगलीकर. कवलापूरच्या विमानतळाची चर्चाच ऐकतोय. रात्री दीडच्या विमानासाठी गाडी करून दुपारी बाराच्या सुमारास घर सोडावे लागते. खंबाटकी आणि बोरघाटात गाड्या अडकल्या तर काय, ही धास्ती वेगळीच, आणि काउंटरवर तीन तास आधी पोहोचायचे असते. घरातून निघाल्यापासून न्यूयॉर्कच्या विमानतळाबाहेर पडेपर्यंत तीस तास होतात. सत्तरीतल्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाला हा आकडा आधी कळायला हवा.

म्हणून विनंती अशी, की पुढच्या वेळी अंतरासोबत जाताना व येतानाचा वेळ वेगवेगळा द्यावा आणि सांगली-मिरजेतून धरलेले एकूण तास शेजारी छापावेत. रोजची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवावीत आणि व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवावी, या दोन सूचनाही ठळक अक्षरांत द्याव्यात.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक
विश्रामबाग, सांगली