साबण टांगून हरणं जात नाहीत

मा. संपादकसाहेब, स. न. वि. वि.

परवाच्या रविवार पुरवणीत परसबागेतली झाडं हरणांपासून कशी वाचवायची यावर तुम्ही अर्धं पान दिलंत. लिहिणाऱ्यांबद्दल आदर आहे, भाषा पण छान आहे, फक्त त्यांच्या परड्यात कधी चितळ शिरलंय का एवढंच विचारायचंय. कारण आमच्या जांबोटी भागात ते पान वाचून लोक अजून हसायलेत.

फांद्यांना साबणाच्या वड्या बांधा म्हणे. बांधल्या की! अर्ध्या कावळ्यांनी पळवल्या, घुशी-उंदरांनी काही कुरतडल्या आणि उरल्या त्या पावसात विरघळून खाली फेस. सलूनमधले केस आणून पसरा म्हणे. ते पण केलं, वासाला हरणं चार दिवस बिचकतात, हे खरंय, पण पाचव्या दिवशी त्याच केसांवर उभी राहून पेरूचा शेंडा खातात. सडक्या अंड्याचं पाणी फवारा, हा त्यातल्या त्यात बरा उपाय, पण प्रत्येक सरीनंतर परत फवारायचं, आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस कसा असतो ते लेखकांनी एकदा कणकुंबीला येऊन बघावं, छत्री आम्ही देतो. झेंडूच्या कुंपणाचं तर बोलूच नका. झेंडूच खाल्ला. दसऱ्याला फुलं बेळगावातून विकत आणली.

आणि कुरतडलेल्या फांदीवरून प्राणी ओळखा असं जे लिहिलंय ते अर्धवट आहे. ससा खातो तेव्हा काडी सुरीनं तिरकी कापल्यासारखी दिसते आणि हरणाला वरचे पुढचे दात नसल्यानं ते ओढून तोडतं, टोक फाटलेलं राहतं, इथपर्यंत बरोबर. पण साहेब, शेळीला तरी वरचे पुढचे दात कुठे असतात? तुमच्या लेखावर विसंबून राहिलं तर आमच्या गल्लीत रोज भांडणं होतील. उंची बघायची असते, खूर बघायचे असतात. चितळ मागच्या पायांवर उभं राहून माणसाच्या डोक्याच्या वरचा पाला ओढतं, हे त्या लेखात कुठंच नाही.

माझं दुखणं वेगळंच आहे. वेंगुर्ल्याहून हापूसचं एक कलम आणलं होतं, घरामागे लावलं, उन्हाळ्यात न्हाणीघराचं पाणी वळवून जगवलं, छातीएवढं झालं होतं. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी सकाळी परड्यात गेलो तर पानं सगळी जाग्यावर, एकसुद्धा खाल्लेलं नाही, आणि खोड मात्र गुडघ्यापासून कमरेपर्यंत सोललेलं. सालीच्या पट्ट्या लोंबत होत्या, आतलं लाकूड ओलं पिवळसर, चिकावर तांबूस-काळपट राठ केस चिकटलेले. सांबर. त्या दिवसांत नराच्या शिंगांवरची मखमल सुटते, मग तो घासायला बारकं, लवचिक झाड शोधतो, जाड झाड त्याला सहसा चालत नाही. खायला आलाच नव्हता! साल चारी बाजूनं निघाली की पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत पोचत नाही आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. तसंच झालं. आता कलमाच्या जोडाखालून खुंटाला फुटवे आलेत, म्हणजे वाढलंच तर रायवळ. घरचे म्हणतात लोणच्याला होईल.

आता याच्यावर साबण लावू की झेंडू लावू ते तुमच्या लेखकांनी सांगावं.

नुकसानभरपाई मागा असं पण शेवटी एका ओळीत लिहून मोकळे झालेत. मागितली. अर्ज कन्नडमधून, तो ओळखीच्या मास्तरांकडून भरून घेतला, फोटो जोडले, ऑफिसात नेला तर तिथल्या साहेबांनी विचारलं उतारा कुठाय. परड्याला उतारा कसला, गावठाणातली जागा ती. मग म्हणे हे पीक नव्हे, पुढच्या वेळी शेतातलं नुकसान घेऊन या. आता सांबराला उतारा दाखवून शेतात पाठवायचं का?

चेष्टा सोडा, खरं काय चालतं ते तरी छापा. एक म्हणजे उंची. लेखात चार फूट कुंपण लिहिलंय, चार फुटांवरून चितळ पळता पळता जातं. आठ फूट पाहिजे. तेवढा खर्च नसेल झेपत तर आतलं दिसणार नाही असा आडोसा करा, हिरवी शेडनेट नाहीतर जुन्या साड्या, कारण पलीकडे पाय कुठं टेकायचा ते दिसत नसेल तर हरीण सहसा उडी मारत नाही. दुसरं, सगळ्या परड्याला जमत नसेल तर लहान झाडांना एकेकाला जाळीचा पिंजरा करा, खोडापासून हातभर लांब, खांद्याच्या वर उंच, तीन बांबूंना घट्ट बांधलेला, नाहीतर सांबर जाळीसकट ढकलून घासतं. शेंडा त्यांच्या तोंडाच्या वर गेला तरी जाळी काढू नका, खोड मनगटापेक्षा चांगलं जाड होऊ दे. आणि खाली पडलेले काजूचे बोंडू, पेरू, फणस रोज उचला. वानरं वर बसून पाडतात आणि चितळं खाली जेवतात, दोघांची जुनी पार्टनरशिप आहे.

सोलरची झटका मशीन चांगली, आमच्या पावण्यांच्या काजूच्या बागेत आहे, पण पावसाळ्यात गवत वाढून तारेला टेकलं की सगळा झटका जमिनीत जातो आणि महिनाभर ऊन नाही म्हणून बॅटरी पण बसते. गवत कापायला माणूस लागतो हे मशीन विकणारा सांगत नाही. आणि काही शहाणे पोलवरून सरळ आकडा टाकून तारेत लाईट सोडतात, त्यांना तुमच्या पेपरातून चांगलं खडसावा. तो गुन्हा तर आहेच, शिवाय हरीण मरायच्या आधी पहाटे परसाकडे जाणारा माणूस मरतो.

हरणं मारा असं मी म्हणत नाही. भीमगड अभयारण्य 2011 ला झालं, म्हादई इथंच उगम पावते, जंगल राहिलं पाहिजे हे आम्हाला कुणी सहजीवनाचे धडे देऊन शिकवायला नको. फणस, जांभळं आम्ही सोडतोच त्यांच्यासाठी.

पण फोटो तरी बरोबर टाका हो! मजकूर चितळाचा आणि वर पीळ पडलेल्या शिंगांचं काळवीट! ते उघड्या माळावरचं जनावर, बघायचं तर हावेरी जिल्ह्यात राणेबेन्नूरला जावं लागतं, आमच्या दाट जंगलात ते येऊन करणार काय. त्याची शिंगं गळत पण नाहीत, चितळ-सांबराची दरवर्षी गळतात. आमच्या शाळेतल्या पोरांनी चूक पकडली, तुमच्या ऑफिसात कुणालाच दिसली नाही?

शेवटची विनंती, हे पत्र छापणार असाल तर पूर्ण छापा. मागे रस्त्याच्या खड्ड्यांवर लिहिलेलं माझं पत्र तुम्ही असं कापलंत की उरलेल्या चार ओळींत मी कंत्राटदाराचे आभार मानलेत असं झालं, आणि तो मला अजून रस्त्यात थांबवून चहा पाजतो.

आपला,
एक जुना वाचक
जांबोटी भाग, ता. खानापूर, जि. बेळगाव