आधी नट आवळून बघा, मग शॉकअप बदला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा आला की तुमच्या पेपरात खड्ड्यांचे फोटो येतात, यायलाच पाहिजेत, पण त्या खड्ड्यांतून रोज जाऊन आमच्या गाड्यांचं पुढे काय होतं आणि मग गॅरेजमध्ये आम्हाला काय काय सांगितलं जातं यावर कुणी लिहीत नाही म्हणून मीच लिहायला बसलो. पत्र लांबलंय, जमलं तर कापू नका.

मी धायरीला राहतो. आई ७८ वर्षांची, मणक्याचं ऑपरेशन झालेलं, तिला आठवड्यातून दोनदा एरंडवण्यात फिजिओथेरपीला न्यावं लागतं. गाडी अकरा वर्षांची, छोटी. जूनपासून पुढच्या डाव्या बाजूनं आवाज यायला लागला. मोठ्या खड्ड्यात नाही हं, बारीकसारीक उंचसखल रस्ता, पेव्हर ब्लॉक, ड्रेनेजचं झाकण असं काही आलं की दहा-पंधराच्या स्पीडला खट-खट-खट, जणू बॉनेटखाली कुणी हातोडी घेऊन बसलंय, आणि चाळीसच्या पुढे गेलं की गप्प. आई प्रत्येक आवाजाला दाराचं हँडल धरायची आणि डोळे मिटून घ्यायची. एकदा म्हणाली, "अरे चाक निघून जाईल का रे?" मला काही उत्तर देता आलं नाही.

सर्व्हिस सेंटरला नेली. एक राउंड मारून आले आणि हातात १६,४०० चं एस्टिमेट दिलं, पुढचे दोन्ही शॉकअप (म्हणजे धक्के शोषणारे शॉक ॲब्सॉर्बर), दोन्ही लिंक रॉड (गाडी वळणावर कलू नये म्हणून असलेला दांडा जोडणारे छोटे रॉड), चाकांच्या अलाइनमेंटचे वेगळे. मी विचारलं, ऑइल लीक आहे का? तर म्हणे गाडीचं वय झालंय. माझ्यासमोर बॉनेटसुद्धा उघडलं नाही याचं मला फार वाईट वाटलं. विचार करून सांगतो म्हटलं आणि गाडी घेऊन घरी आलो.

मग शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून वडगाव बुद्रुकच्या एका गल्लीतल्या गॅरेजला गेलो. साठीचे मिस्त्री. त्यांनी गाडी जॅकवर घेतली नाही की काही नाही, बॉनेट उघडलं, मला म्हणाले आत बसा आणि स्टेअरिंग थोडं डावी-उजवी करा. स्वतः डाव्या बाजूच्या माउंटिंगवर, म्हणजे शॉकअपचं वरचं टोक बॉडीला जोडतात तिथे, तळहात ठेवून उभे राहिले. मग पोराला मडगार्ड दाबून सोडायला लावलं. मग मला बाहेर बोलावलं, "साहेब, इथं हात ठेवा." ठेवला. पोरानं गाडी दाबून सोडली आणि माझ्या तळहाताखाली टक् असा बारीक ठोका बसला, कानाला आला त्याच्या आधी हाताला लागला. रबरी टोपण काढलं तर मधला नट गंजलेला, पण त्याच्या खाली आट्यांची एक बारीक रेघ चकचकीत दिसत होती. मिस्त्री म्हणाले नट जागा सोडून वर आलाय, म्हणून तिथले आटे घासून चमकतायत. शॉकअपच्या रॉडच्या टोकात एलन की (सहा कोनी किल्ली) घालून रॉड धरला, कारण नुसता नट फिरवला तर रॉडपण सोबत फिरतो, आणि पाना लावून आवळला, पाऊण फेरा तरी आत गेला असेल. आजूबाजूचे तीन नट पण बघितले, त्यातला एक सैल होता. दहा मिनिटं. दीडशे रुपये घेतले. परत येताना मुद्दाम सगळ्या झाकणांवरून गाडी घातली, आवाज नाही.

हे नेमकं काय असतं ते समजून घेतलं पाहिजे, नाहीतर आपण कायम दुसऱ्याच्या शब्दावर. बऱ्याच छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरची ही रचना, फोर्डच्या गाड्यांत १९५० च्या आसपास आली. शॉक ॲब्सॉर्बर आणि स्प्रिंग एकत्र, वरचं टोक बॉनेटखाली बॉडीला जोडलेलं. त्या जोडावर रबराचं माउंटिंग, आत स्टेअरिंगबरोबर फिरणारी बेअरिंग, बाजूनं बॉडीला धरणारे नट, आणि मध्ये शॉकअपच्या रॉडचा नट. हा मधला जरा जरी ढिला झाला तरी बारीक खड्ड्याला रॉड भराभर वरखाली होतो तेव्हा ती फट खट-खट वाजते, आणि लोखंड लोखंडावर आपटल्याचा आवाज बॉडीतून सगळीकडे पसरतो म्हणून कधी स्टेअरिंगमधून, कधी डॅशबोर्डमधून आल्यासारखा वाटतो. स्पीड वाढला की टायरच्या आणि वाऱ्याच्या आवाजात तो बुडून जातो. म्हणजे आवाज गेला असं नाही, ऐकू येत नाही एवढंच.

आता माझ्या गाडीचा नट सैल का झाला? दोन वर्षांपूर्वी दुसरीकडे माउंटिंग बदलून घेतलं होतं. मिस्त्रींच्या मते तेव्हा जुनाच नट परत लावला असणार. अशा नटाच्या आत नायलॉनची रिंग असते, नट हलू नये म्हणून, आणि ती एकदा आट्यावरून गेली की तिची पकड कमी होते, त्यामुळे काढलेला नट टाकून नवा लावायचा असतो. नट किती रुपयांचा असतो हो? नाना पेठेत कुठल्याही स्पेअरपार्टच्या दुकानात मिळेल. तेवढ्या नटासाठी मी सोळा हजारांच्या वर मोजणार होतो.

पण हे वाचून कुणी पाना घेऊन बसणार असेल तर कृपा करून ऐका. मधला नट आवळणं वेगळं आणि सोडणं वेगळं. खाली स्प्रिंग दाबून बसवलेली असते, स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं साधन) न लावता तो नट काढला तर स्प्रिंग सुटून जीवावर बेतू शकतं, तिथे हात घालायचाच नाही. आवळतानाही जोर लावून पिळू नका, किती आवळायचा ते गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, टॉर्क रेंचनं (किती जोर लावला ते दाखवणारा पाना) तेवढाच, नाहीतर आटे जातात. आणि इम्पॅक्ट गन (नट झटक्यानं फिरवणारं मशीन) लावू देऊ नका, रॉड गरागरा फिरून आतलं सील खराब होऊ शकतं. लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश नवे टाकले असतील तर तिथले बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना फायनल आवळायचे, चाक हवेत लटकत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं, हे कितीतरी ठिकाणी पाळलं जात नाही.

आणि प्रत्येक आवाजाला नटच कारण असतो असं मी म्हणत नाही. रबराला भेगा गेल्या असतील तर कितीही आवळा, आवाज परत येणार, माउंटिंग बदलावंच लागतं. शॉकअपच्या अंगावरून तेल ओघळत असेल, गाडी दाबून सोडल्यावर दोन-तीनदा डुलत असेल तर शॉकअप गेलाय. लिंक रॉडचा बॉल ढिला असला तरी अगदी असाच खटखटाट होतो. म्हणूनच तर आधी बघायला पाहिजे ना, हात लावून, गिऱ्हाईकासमोर!

ग्राहक पंचायतीची चळवळ बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली याच पुण्यात सुरू केली, आणि गाड्यांची तपासणी करणारी एआरएआय १९६६ पासून याच शहरात आहे. अशा गावात गिऱ्हाईकाला न दाखवता एस्टिमेट मिळतं हे मला पटत नाही. गॅरेजवाल्यांना माझं म्हणणं एवढंच, सस्पेन्शनच्या (शॉकअप, स्प्रिंग वगैरेच्या) आवाजाची तक्रार आली की जॉब कार्डवर सगळे माउंटिंग नट तपासून आवळले असं लिहून द्या, मगच पार्टची यादी करा. पार्ट बदलला तर जुना पार्ट गिऱ्हाईकाच्या हातात द्या. आणि सस्पेन्शनचं काम झालं की हजार किलोमीटरनंतर एकदा फुकट आवळून द्या, पाच मिनिटांचं काम आहे.

आणि स्पीडब्रेकर. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड काँग्रेसच्या १९८८ च्या नियमात गोल स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितला होता, पंचवीसच्या स्पीडला आरामात जाता यावं म्हणून. आमच्या भागातले फूटभर रुंदीचे डांबराचे ढिगारे बघा, त्यावरून सावकाश गेलं तरी चाक दणकन खाली आपटतं आणि सगळा मार माउंटिंगवर. निदान हॉस्पिटलच्या आणि फिजिओथेरपीच्या रस्त्यांवरचे तरी महापालिकेनं नियमाप्रमाणे करावेत, आत मणक्याचे पेशंट बसलेले असतात.

मागच्या उजव्या बाजूनं पण आता थोडा खडखडाट येतोय. माझ्या गाडीत मागच्या शॉकअपचा वरचा नट डिकीच्या आतल्या कव्हरखाली आहे, मिस्त्रींनी रविवारी बोलावलंय, कव्हर काढून दोन्ही नट बघतो म्हणालेत.

आपला,
एक वाचक, धायरी, पुणे