स्टेम सेल की रक्ताची निवळी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत गुडघेदुखीवरच्या स्टेम सेलची (नव्या पेशी घडवणाऱ्या मूळ पेशींची) तारीफ करणारा लेख वाचला. त्याच्या खालच्याच चौकोनात दवाखान्याची जाहिरात, फोन नंबरासकट. वाचकाला पान उलटायचाही त्रास नको, नाही का?

आमच्या ह्यांनी ही संजीवनी दोन वर्षांपूर्वी घेतली. एक्स-रेत झीज चौथ्या, म्हणजे शेवटच्या ग्रेडची, हाडाला हाड टेकलेलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मासी, ऑपरेशननी जरूरज नथी, नवी गादी आवी जशे." म्हणजे ऑपरेशनची गरजच नाही, सांध्यात नवी गादी येईल. आणि डायरीत बघून भाव सांगितला: नव्वद हजार. हातातून चार नळ्या रक्त काढलं, मशीनमध्ये गरगर फिरवलं आणि वर आलेली पिवळी निवळी गुडघ्यात टोचली. तासाभरात घरी. बिलावर नुसतं 'प्रोसिजर चार्जेस'.

माझी भाची लॅबमध्ये आहे. तिने कपाळाला हात लावला. "मावशी, हे पीआरपी. काकांच्याच रक्तातल्या प्लेटलेट्स. गुडघ्यासाठी स्वतःचे स्टेम सेल काढायचे तर कमरेच्या हाडात किंवा पोटाच्या चरबीत सुई घालावी लागते."

एवढं तुमच्या लेखकांना सांगता आलं असतं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या नियमावलीत रक्ताचे आजार वगळता बाकी सगळे स्टेम सेल उपचार प्रयोगच धरलेत, आणि प्रयोगासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. पुढे 2022 मध्ये दात्याच्या अस्थिमज्जेतल्या पेशींच्या एका इंजेक्शनला गुडघ्यासाठी सरकारी मंजुरी मिळाली, हे मान्य. पण तीही दुसऱ्या-तिसऱ्या ग्रेडसाठी. आणि अमेरिकेत चारशेहून जास्त रुग्णांवर झालेल्या चाचणीत वर्षभराने पेशींची इंजेक्शनं साध्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरली नाहीत. हा निष्कर्ष 2023 मध्येच प्रसिद्ध झालाय. लेखात त्याचं अवाक्षर नाही. परदेशी आजीबाई धावतानाचा फोटो मात्र अर्धं पान.

आमच्या वाड्याच्या जिन्याला एकवीस पायऱ्या आहेत. हे पूर्वी रोज सुरसागर तलावाला फेरी मारून यायचे, आता गणपतीच्या आरतीलाही खुर्ची लागते.

जाता जाता: शब्दकोड्याची उत्तरं दोन आठवडे छापलेली नाहीत. खिडकीशी बसून ह्यांचा तेवढाच विरंगुळा आहे. त्या चौकोनाला तरी जागा ठेवा.

आपली,
एक जुनी वाचक
दांडिया बाजार, बडोदे