जखमेचे पदक आणि त्यामागची नोकरी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या यवतमाळ जिल्हा पानावर अलीकडेच दारव्हा तालुक्यातील एका दिवंगत माजी सैनिकाच्या पदकांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. त्याखाली 'शौर्यपदक विजेता जवान' अशी ओळ होती. छायाचित्रातील पहिले पदक, ज्याच्या पांढऱ्या फितीच्या मधोमध लाल पट्टा दिसतो, ते शौर्यपदक नसून पराक्रम पदक आहे. शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईत जखमी झालेल्या सैनिकाला ते दिले जाते. मी सैन्यात लिपिक होतो आणि माझी बरीचशी नोकरी अशाच नोंदी लिहिण्यात गेली, म्हणून हा खुलासा करीत आहे. यात त्या जवानाला कमी लेखण्याचा हेतू मुळीच नाही.

हे पदक 1973 मध्ये, व्ही. व्ही. गिरी राष्ट्रपती असताना सुरू झाले, मात्र ते 15 ऑगस्ट 1947 पासून लागू धरले गेले. त्यामुळे काश्मीरच्या पहिल्या युद्धात, 1962 मध्ये किंवा 1965 मध्ये जखमी झालेले सैनिकही त्यास पात्र ठरले. पलटणीत त्याला आजही पुष्कळजण 'वुंड मेडल' म्हणतात. अट एकच, पण कडक आहे: जखम शत्रूच्या कारवाईनेच झालेली असली पाहिजे. सियाचिनमध्ये हिमदंशाने पायाची बोटे गमावलेल्या जवानाला हे पदक मिळत नाही. मला स्वतःला हा नियम कधी कधी निष्ठुर वाटत आला आहे, पण नियम तसा आहे.

शौर्यपदकाची गोष्ट वेगळी असते. परमवीर चक्रापासून शौर्यासाठीच्या सेना पदकापर्यंत प्रत्येकासोबत प्रशस्तिपत्र असते, त्यात कोणी, कुठे, काय केले हे लिहिलेले असते, आणि दरमहा भत्ताही मिळतो. पराक्रम पदकासोबत ना प्रशस्ती येते, ना भत्ता. युद्धात आलेल्या अपंगत्वाचे निवृत्तिवेतन असते, पण ते वैद्यकीय मंडळाने ठरवलेल्या टक्केवारीवर अवलंबून असते, पदकावर नव्हे. गावात शौर्यपदक आणि पराक्रम पदक यांची नेहमी गल्लत होते. प्रशस्तिपत्र नसल्याने या पदकामागची हकिकत पलटणीच्या 'बॅटल कॅज्युअल्टी' (लढाईतील मृत व जखमी) नोंदीत आणि इस्पितळाच्या कागदांत बंद राहते. घरच्यांनी विचारलेच तर आमच्याकडचा फौजी 'लागलं होतं थोडं' एवढे बोलून कपाशीच्या डवरणीला निघून जातो.

तरीही आपण छापलेल्या त्या एका छायाचित्रातून बरेच कळते. पराक्रम पदकाशेजारी पश्चिमी स्टार आणि संग्राम पदक आहे, म्हणजे हा जवान 1971 च्या युद्धात पश्चिम आघाडीवर होता. पुढे नऊ वर्षांच्या दीर्घ सेवेचे पदक आहे, वीस वर्षांचे नाही. बातमीत भरतीचे वर्ष 1968 दिले आहे. जखम त्याच युद्धातील असेल, आणि तसे मानायला जागा आहे, तर जखमी झाल्यावरही तो किमान पाच-सहा वर्षे गणवेशात होता. अशा जवानाची वैद्यकीय श्रेणी बहुधा खालावते, त्याला आघाडीवरून काढून भांडारात, लंगरात (सैन्याच्या स्वयंपाकघरात) किंवा पहाऱ्यावर नेमतात, बरोबरीचे हवालदार होत असताना त्याची बढती रखडते, आणि तरीही तो निवृत्तिवेतनापुरती वर्षे भरून काढतो. माझ्या मते या पदकामागची खरी सेवा हीच, आणि तिच्याबद्दल बातमीत एक ओळही नव्हती.

ही माहिती अजूनही मिळू शकते. सरकारकडून मिळालेल्या पदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. मूळ पदक हाती यायला कित्येक वर्षे लागत असल्याने अनेक जवान बाजारातून पदक विकत घेऊन लावीत. अशा पदकाची कड कोरी असते, आणि ती तशी दिसली म्हणून कोणी त्या जवानाला खोटे ठरवू नये. क्रमांक सापडला, किंवा डिस्चार्ज बुकावरून (सैन्यातून निवृत्त होताना मिळणाऱ्या पुस्तिकेवरून) मिळाला, की कुटुंबीयांनी त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे सैनिकांच्या सेवानोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला, पत्र लिहावे. ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या रेजिमेंटचे कामठीला, महार रेजिमेंटचे सागरला, मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला आहे. पत्र कसे लिहावे हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारता येते. पत्र्याच्या पेटीतील जुने कागद, विशेषतः इस्पितळाचे, वाळवी लागण्याआधी बाहेर काढून त्यांच्या छायाप्रती करून ठेवाव्यात. 1971 चे जवान आज सत्तरी ओलांडलेले आहेत. जे हयात आहेत त्यांच्या तोंडून ऐकून लिहून घेणे तर त्याहून सोपे.

बातमीनुसार ग्रामपंचायत शाळेसमोर या जवानाच्या नावाचा फलक लावणार आहे. त्यावर 'शौर्यपदक विजेता' असे रंगवू नये, अशी माझी सरपंचांना आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे. नाव, सैनिक क्रमांक, रेजिमेंट, सेवेची वर्षे आणि 'युद्धात जखमी, पराक्रम पदक' एवढे लिहावे. जखमेचे ठिकाण व तारीख रेकॉर्ड ऑफिसचे उत्तर आल्यावर भरता येईल, तोवर तेवढी जागा मोकळी सोडावी. कुटुंबीयांची हरकत नसेल तर रेकॉर्ड ऑफिसला पाठवायच्या पत्राचा मसुदा मी विनामूल्य लिहून देईन. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे आहेच.

आपला,
एक निवृत्त हवालदार (लिपिक)
ता. दारव्हा, जि. यवतमाळ