केजीएफची हेडगिअर भंगारात जाऊ देऊ नका : पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय पर्यटनमंत्री,
कर्नाटक राज्य, बेंगळुरू

महोदय,
सादर नमस्कार.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण बेळगावात येता, तेव्हा सुवर्ण विधानसौधाबाहेर उसाचा दर, म्हादईचे पाणी आणि सीमाप्रश्न यांवरची निवेदने स्वीकारण्याची आपल्याला सवय झाली असेल. माझे निवेदन मात्र राज्याच्या अगदी दुसऱ्या टोकाविषयी आहे. कोलार गोल्ड फील्ड्स, म्हणजे केजीएफ, येथील बंद सोन्याच्या खाणींवर जी हेडगिअर (खाणीच्या तोंडावरचे दोर पेलणारे उंच मनोरे), वाइंडिंग इंजिनांची (दोर गुंडाळणाऱ्या यंत्रांची) घरे, कार्यशाळा आणि कामगारांच्या चाळी आजही उभ्या आहेत, त्यांची रीतसर नोंद व्हावी आणि त्यांना कायद्याचे संरक्षण मिळावे, एवढीच माझी मागणी आहे. बेळगावच्या माणसाला कोलारची उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर माझ्या धंद्यात आहे. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, चालवली, आणि जुन्या यंत्रांचा शेवट कसा होतो हे फाउंड्रीवाल्यांनी जितके जवळून पाहिले आहे तितके फार थोड्यांनी पाहिले असेल.

भंगारात आलेल्या जुन्या यंत्रावरची पितळेची नावाची पाटी सर्वांत आधी निघते, कारण पितळेला बिडापेक्षा भाव जास्त. कोणी बनवले, कोणत्या साली बनवले, हे सांगणारी तेवढी एकच खूण असते आणि तीच पहिल्या दिवशी जाते. मग घणाचे घाव पडतात, मोठ्या चाकाचे कपोला भट्टीच्या (बीड वितळवण्याच्या उभ्या भट्टीच्या) तोंडात मावतील एवढे तुकडे होतात, आणि कोकच्या थरावर पडल्यानंतर तो तुकडा शंभर वर्षांपूर्वीच्या इंजिनाचा होता की गटाराच्या झाकणाचा, हे सांगता येत नाही. आमच्या धंद्याचा तो नियमच आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कोणते लोखंड भट्टीत जाऊ नये, हे भट्टीवाल्याने ठरवायचे नसते. ते सरकारने आधीच ठरवायचे असते.

केजीएफच्या बाबतीत ते अजून ठरलेले नाही. मारिकुप्पम आणि उरगाम परिसरातले गावकरी माती धुऊन सोने काढतात, याची नोंद लेफ्टनंट जॉन वॉरन याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी करून ठेवली होती. 1870 च्या दशकात मायकेल लॅव्हेल या निवृत्त आयरिश सैनिकाने म्हैसूर दरबाराकडून खाणीचा परवाना मिळवला, आणि 1880 पासून लंडनच्या जॉन टेलर अँड सन्स या कंपनीने म्हैसूर, चॅम्पियन रीफ, उरगाम आणि नंदीदुर्ग या खाणी व्यवस्थित चालवायला घेतल्या. या खाणींना वीज हवी म्हणून म्हैसूर संस्थानाने कावेरीवर शिवनसमुद्र येथे जलविद्युत केंद्र उभारले आणि 1902 मध्ये तेथून सुमारे 147 किलोमीटर लांबीच्या तारांवरून ती वीज केजीएफला पोहोचवली. त्या काळात एवढ्या लांबीच्या वीजवाहिन्या जगातही मोजक्याच होत्या. बेंगळुरूच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले ते त्यानंतर, 1905 मध्ये. गोकाकच्या धबधब्यावर 1887 पासून पाण्याच्या जोरावर सूतगिरणी चालवणाऱ्या आमच्या जिल्ह्याला या गोष्टीचे अप्रूप थोडे अधिकच वाटते.

आता हेडगिअरविषयी, कारण दुरून पाहणाऱ्याला तो केवळ गंजका मनोरा वाटतो. त्याच्या माथ्यावर मोठी चाके असतात; इंजिनघरातल्या ड्रमवरून आलेला पोलादी दोर या चाकांवरून वळून सरळ शाफ्टमध्ये, म्हणजे खाणीच्या विहिरीसारख्या उभ्या वाटेत, उतरतो आणि त्याला माणसांचा पिंजरा किंवा दगडाची बादली टांगलेली असते. दोराची ओढ तिरकी असल्यामुळे मनोऱ्याचे मागचे दोन पाय इंजिनघराच्या दिशेने कललेले असतात. म्हणूनच इंजिनघर पाडून नुसता मनोरा ठेवला, तर ते पाय तसे का कलले आहेत याचा पाहणाऱ्याला काही उलगडा होत नाही. चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली होती, आणि एवढी खोली एका दोराने गाठता येत नसल्यामुळे कामगार टप्प्याटप्प्याने, एका शाफ्टमधून दुसऱ्यात, असे उतरत. तळाशी दगडाचे तापमान 60 अंश सेल्सिअसच्या पुढे होते. दाबाखालचा खडक अचानक फुटण्याच्या अपघातांत आणि सिलिकोसिसने (दगडाच्या धुळीमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगाने) किती संसार उघडे पडले, हे तिथल्या चाळींत आजही विचारले तर कळेल. हे कामगार बहुतांशी तमिळ आणि तेलुगू बोलणारे, म्हणजे आमच्यासारखेच राज्याच्या काठावरचे लोक.

याच खाणीत दोन किलोमीटरहून अधिक खोलवर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसह 1965 मध्ये वातावरणातील न्यूट्रिनोंची (पदार्थातून जवळजवळ अडथळ्याविना आरपार जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांची) नोंद घेतली, जी जगातील अशा पहिल्या नोंदींपैकी आहे. ती जागा आता पाण्याखाली आहे. जमिनीवर जे उरले आहे तेवढेच आपल्या हातात आहे.

1956 मध्ये राज्याने, 1962 मध्ये केंद्राने आणि 1972 मध्ये भारत गोल्ड माइन्स लिमिटेड या केंद्रीय कंपनीने या खाणी ताब्यात घेतल्या, आणि सुमारे 800 टन सोने दिल्यानंतर 28 फेब्रुवारी 2001 रोजी त्या बंद झाल्या. योगायोग असा की, जर्मनीतील एसेन शहरातली झॉल्फेराइन ही बंद कोळसा खाण त्याच वर्षीच्या डिसेंबरात युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. 1986 मध्ये कोळसा काढणे थांबले, तेव्हा तेथील राज्य सरकारने ती जागा विकत घेऊन इमारती राखल्या. बारा क्रमांकाच्या शाफ्टचे हेडगिअर आज त्या साऱ्या प्रदेशाची ओळख आहे आणि कोळसा धुण्याच्या इमारतीत संग्रहालय आहे. वेल्समधील बिग पिट ही कोळसा खाण 1980 मध्ये बंद पडली आणि 1983 मध्ये संग्रहालय म्हणून उघडली. पाहुण्यांना खाली घेऊन जाण्याचे काम तेथे खाणकामगारांनीच केले. आपल्याकडे मात्र बंद शाफ्टमध्ये भंगार चोरायला उतरलेल्यांचे जीव गेल्याच्या बातम्या येतात.

केजीएफमधील ज्वालामुखीजन्य खडकांना भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला आहे. दगडाला संरक्षण आणि त्या दगडाशी झुंजलेल्या माणसांच्या इमारतींना नाही, ही स्थिती मला तरी पटत नाही. जमीन केंद्रीय कंपनीची आहे, हे उत्तर आपल्या खात्याकडून येईल याची मला कल्पना आहे. परंतु 13 सायनाइड टेकड्यांच्या (सोने काढून उरलेल्या मातीच्या ढिगांच्या) सुमारे 1,003 एकरांवर पुन्हा सोने काढण्यास राज्य मंत्रिमंडळाने जून 2024 मध्ये संमती दिली, तेव्हा केंद्राला राज्याची गरज लागलीच होती. पुढील प्रत्येक संमतीला आणि जमिनीच्या प्रत्येक हस्तांतरणाला, नोंद झालेल्या वास्तूंना धक्का न लावण्याची लेखी अट घालणे राज्याला अवघड नाही. पुरातत्त्व खात्याने 1961 च्या राज्य कायद्याखाली निदान गिफर्ड आणि एडगर शाफ्टचा परिसर, त्यांची इंजिनघरे आणि कामगारांच्या चाळींची एक संपूर्ण रांग यांचा प्रस्ताव तयार करावा. इंग्रजांचे बंगले आणि क्लब तेवढे राखून चाळी पाडल्या, तर तो इतिहास अर्धाच राहील. पर्यटनाच्या नावाखाली असे घडण्याची भीती मला अधिक वाटते. वाटाड्ये म्हणून माजी कामगारांना आणि त्यांच्या मुलांना घ्यावे, आणि तेही लवकर, कारण खाण बंद झाली तेव्हा ऐन उमेदीत असलेले कामगार आज साठीच्या पुढे आहेत.

यंत्रांची मोजमापे घेणे, आराखडे काढणे आणि पाट्यांवरची नावे उतरवून घेणे हे काम खात्याला जड वाटत असेल, तर उद्यमबागेतील आम्ही काही निवृत्त मंडळी ते विनामोबदला करायला तयार आहोत. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आमच्याच बेळगावात आहे. त्यांच्या विद्यार्थ्यांना सोबत दिल्यास काम आणखी सोपे होईल. खाणीच्या आवारात जाण्याची परवानगी तेवढी आपण केंद्राकडून मिळवून द्यावी. या पत्राचा कन्नड अनुवाद आपल्या कार्यालयात स्वतंत्रपणे दिला आहे.

आपला विश्वासू,
उद्यमबाग, बेळगाव येथील एक निवृत्त फाउंड्रीचालक