नव्या बोअरविषयी

पुणे, ९ मार्च २०२५

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

नव्या बोअरसाठी आईचे दागिने गहाण ठेवावेत, असे बाबा परवा फोनवर म्हणाले. थोरल्या काकांनी त्याच वाटणीतल्या तेवढ्याच जमिनीवर माडी बांधली आणि आपण जन्मभर राबून आहोत तिथेच राहिलो, हा त्यामागचा सल मला कळतो.

पण काकांचा वाटा मांजरा धरणाच्या कालव्याला लागून आहे आणि आपला माळाला. फरक कष्टांचा नाही, पाण्याचा आहे. पाणी आले की ऊस येतो, आणि उसाला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. २०२४-२५ च्या हंगामासाठी सरकारने उसाला १०.२५ टक्के साखर उताऱ्यास (म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणास) टनाला ३,४०० रुपये ठरवले. ते चौदा दिवसांत द्यावेत असा कायदा आहे. कारखाने तो नेहमी पाळतात असे नाही, पण मागायला आधार तरी आहे. सोयाबीनचा हमीभाव त्याच वर्षी क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात चार हजारांच्या आसपासच मिळाले. बाबांनी पाठवलेली आडतीची पट्टी मी जपून ठेवली आहे: ओलावा जास्त म्हणून भाव पाडलेला, मग हमाली, तोलाई, आणि शेवटी खत-बियाण्याची उधारी परस्पर वळती केलेली.

सरकारची मदतही पाण्यामागेच जाते. केंद्राचे आणि राज्याचे मिळून वर्षाला बारा हजार दोन्ही घरांना सारखेच मिळतात. मात्र पीककर्ज उसाला एकरी कितीतरी जास्त, ठिबकचे अनुदान पाणी असणाऱ्यालाच, आणि साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांची वीज गेल्या वर्षापासून माफ झाली, तरी ज्याचा पंप फेब्रुवारीतच हवा ओढू लागतो त्याला त्या माफीचे काय? २०१८-१९ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी उत्पन्न महिन्याला ११,४९२ रुपये निघाले. त्या सरासरीत काकांचा ऊसही आहे आणि आपले सोयाबीनही, म्हणून ती दोघांनाही लागू पडत नाही. त्याच पाहणीत देशभराचा हिशेब पाहिला तर शेतकरी घरात पिकापेक्षा मजुरीचा पैसा जास्त निघाला. आई खुरपायला जाते, त्यात कमीपणा मानू नये.

बोअरने हे अंतर मिटणार नाही. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांपुरतेच असते. तुम्ही खोल गेलात की शेजारी त्याहून खोल जातो. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हाही त्याच जिल्ह्यात ऊस उभा होता.

म्हणून माझे म्हणणे असे की, कृषी केंद्राची ती खत-बियाण्याची उधारी मी मे महिन्यात फेडते. ती फिटली की मळणी होताच माल आडतीवर नेण्याची सक्ती उरणार नाही. बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत सोयाबीन गोदामात ठेवून किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने मिळते आणि विक्रीसाठी सहा महिने थांबता येते. आपल्या समितीत ती चालू आहे का आणि गोदामात जागा मिळते का, एवढे बाबांनी सचिवांना विचारून ठेवावे. पीकपाहणीची नोंद असलेला सातबारा लागतो, तेव्हा यंदा ती नोंद वेळेत करून घ्यावी. दागिने आईकडेच राहू द्यावेत.

तुमची लेक